चिंतामणीचा रंग

१९६१ च्या नोव्हेंबरात वत्सला मुतालिक यांनी जयनगरमधल्या आपल्या नव्या घराच्या भिंतींचे रंग ठरवायला घेतले. त्या वेळी त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नव्हते. डाव्या डोळ्याने समोरचे दिसे, बाजूचे दिसत नसे. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. वय चाळिशीच्या आत.

घर त्यांचे यजमान माधवराव यांनी बांधलेले. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. सकाळी कारखान्याच्या बसने जात, दिवेलागणीला परत येत. दोघेही मूळचे बेळगावचे. मूलबाळ नव्हते. म्हणजे दिवसभर वत्सलाबाई घरात एकट्या, आणि सगळा प्रश्न या दिवसभराचा होता. माधवरावांच्या थोरल्या बहिणीचे, अंबक्कांचे, म्हणणे होते की नजर जात चाललेल्या बाईला स्टोव्हपाशी एकटे ठेवणे बरोबर नाही. तिने बेळगावला आपल्याकडे येऊन राहावे. अंबक्का हे उगाच म्हणत नव्हत्या. त्यांच्या सासूबाईंची दृष्टी गेलेली होती, आणि एका दुपारी चुलीपाशी त्यांच्या लुगड्याने पेट घेतला होता. त्या वाचल्या नाहीत.

माधवरावांनी बहिणीला "बघू" म्हणून सांगितले. वत्सलाबाईंनी सांगितले की रंगकाम होऊ द्या, मग या, मला घरात वावरताना बघा आणि मग काय ते ठरवा. अंबक्कांनी संक्रांतीनंतर येते म्हणून कळवले. तेव्हापासून भिंतींचा रंग हा त्या घरात शोभेचा विषय राहिला नाही.

मी त्यांच्या समोरच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत असे. वर्तमानपत्रात रात्रपाळी होती, त्यामुळे दिवसा घरी. सकाळी उशिरा त्या फाटकापाशी येऊन कॉफीला हाक मारीत आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवी. "काय हो पेपरवाले, आज कोण गेलं?" अशी सुरुवात होई. पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे माझ्यासमोर घडले. ऐकीव आहे ते तसे म्हटले आहे.

पहिली गोष्ट ऐकीवच. बेंगळूरच्या मराठी घरांतून वत्सलाक्कांची नजर प्रसिद्ध होती. कुठे लग्न ठरले की चिकपेटला साड्या घ्यायला त्यांना सोबत नेत. दुकानात त्या गादीवर बसत नसत. साडी उचलायची आणि थेट बाहेर, रस्त्यावर, उन्हात. मागोमाग दुकानदार. "अम्मा, साडी बाहेर नको, धूळ बसते." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले: "तुझ्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच नवऱ्या गोऱ्या दिसतात. मला दिवसाची नवरी बघायची आहे." एका वधूच्या आईने अबोली म्हणून पसंत केलेली साडी त्यांनी हातात घेतली, उन्हात धरली आणि परत दिली. "हा अबोली नव्हे. अबोलीला ताप आलाय." ती साडी घेतली गेली नाही. त्या बाई पुढे बरेच दिवस वत्सलाक्कांशी बोलत नव्हत्या, असेही सांगतात.

रंगांना त्या फिकट, गडद, हलका असे शब्द वापरीत नसत. तूप कढवण्याआधीचा पिवळा वेगळा आणि कढवल्यानंतरचा वेगळा. अळूच्या देठाचा. काल उकडलेल्या रताळ्याचा. माधवरावांच्या कारखान्यातल्या एका साहेबाच्या मोटारीचा रंग त्यांनी "चहात पडून विरघळलेलं बिस्कीट" असा सांगितला होता, आणि माधवराव त्या मोटारीसमोर उभे राहिले की हसू दाबत असत.

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी सतत असे: "वाळू दे, मग बोलू." ते रंगकामातून आलेले. डिस्टेंपर ओला असतो तेव्हा एक दिसतो आणि वाळला की दुसराच निघतो. पुढे हे वाक्य त्या कशालाही लावू लागल्या. माधवरावांना बढती मिळणार अशी कारखान्यात बोलवा उठली, तेव्हाही त्यांनी तेच सांगितले. बढती दुसऱ्याच माणसाला मिळाली. मी मथळ्यातली एखादी मोठी बातमी वाचली की त्या कपातली कॉफी संपवीत आणि म्हणत, "वाळू दे हो. उद्या बघू काय उरतंय."

रंगाऱ्याचे नाव मुनियप्पा. मोठ्या आवाजाचा, पान खाणारा, स्वतःच्या मताचा माणूस. त्याचे मत एकच होते. घर कुणाचेही असो, कोणत्याही तोंडाचे असो, आतून क्रीम लावावा.

"क्रीम लावा, अम्मा. एल्लरू, सगळेच, क्रीम लावतात. मोठमोठे साहेब क्रीम लावतात."

"त्यांना दिसतं," वत्सलाबाई म्हणाल्या.

मुनियप्पाला हे समजले नाही. त्यांनी त्याला हॉलमध्ये नेले आणि जमीन दाखवली. फरशी करड्या सिमेंटची होती. वर गिलाव्याची करडी भिंत, दारांच्या चौकटींना अजून तेलरंग नव्हता. "मला भिंत दिसायला नको आहे. भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होतं ते दिसायला पाहिजे. जमीन कुठे संपते ते पाहिजे. तुझा क्रीम सगळीकडून सारखाच. मी त्यात पिठातल्या माशीसारखी हिंडेन."

"सरी, अम्मा," मुनियप्पा म्हणाला आणि थोड्या वेळाने माधवरावांना बाजूला घेऊन म्हणाला, "सार, क्रीममध्येसुद्धा दोन प्रकार असतात."

हॉलच्या भिंतीवर नमुन्यांचे पट्टे ओढायला सुरुवात झाली. गुलाबी, पिवळा, पिस्ता, आकाशी. पट्टे बघायची वेळ ठरलेली होती. डोळ्यांत थेंब घातले की बराच वेळ सगळे अंधुक होई, म्हणून सकाळचे थेंब घालण्याआधी, माधवरावांची बस यायच्या आत. माधवराव कपडे करून, डबा हातात घेऊन दारात उभे. वत्सलाबाई समोरच्या भिंतीपासून निघत आणि पट्ट्यांकडे चालत येत. कोणता पट्टा कुठून दिसू लागतो ते त्या बघत होत्या. माधवराव त्यांचा चेहरा बघत होते. बसचा हॉर्न वाजला तरी त्यांचा पाय निघत नसे.

"हा?"

"वाळू दे."

"वाळलाय, वत्सला. परवाचा आहे."



रंगारी नसताना त्या मला वेगळ्या तऱ्हेने विचारीत. "पेपरवाले, डावीकडून दुसरा तुम्हाला कसा वाटतो?" मी पिस्ता बरा आहे म्हटले की त्या म्हणत, "हं, पिस्ता बराच आहे." मी एकदा चुकून आकाशीला पिस्ता म्हणालो. त्याही म्हणाल्या, "हं, पिस्ता बराच आहे." चूक माझ्या लक्षात आली. त्यांच्या आली नाही.

डिसेंबरात त्यांनी जाहीर केले की भिंती पांढऱ्या चुन्याच्या राहतील आणि दारांभोवती, जमिनीलगत आणि ओट्याच्या कडेला चिंतामणी रंगाचा पट्टा येईल. त्यांना सगळ्यांत आवडणारा रंग तो. लग्नातला त्यांचा शालू त्याच रंगाचा होता असे माधवराव सांगत. चिंतामणी म्हणजे नेमका कोणता, यावर त्या दिवशी घरात वाद झाला. माधवरावांच्या मते निळा. माझ्या घरी हिरव्याकडे झुकणाऱ्याला चिंतामणी म्हणत. वत्सलाबाईंनी आम्हा दोघांना गप्प केले. "निळा हिरव्याच्या घरी निघाला आणि मध्येच रस्त्यात थांबला. तो चिंतामणी. इकडे एक पाऊल नाही, तिकडे एक पाऊल नाही."

दुसऱ्या दिवशी मुनियप्पा आला तेव्हा माधवराव कामावर गेले होते. वत्सलाबाईंनी त्याला कन्नडमधून सगळे समजावले. कुठे चुना, कुठे पट्टा. शेवटी म्हणाल्या, "आणि पट्ट्याला मला चिंतामणीचा रंग पाहिजे. दुसरा चालायचा नाही."

मुनियप्पाने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतले. "चिंतामणीचा? तोच पाहिजे?"

"तोच."

"स्वल्प वेळ लागेल, अम्मा."

"लागू दे. पण घेऊन ये."

तो गेला आणि आलाच नाही. माधवरावांनी दोनदा त्याच्या घरी निरोप धाडला. गावाला गेलाय, एवढेच कळले. इकडे संक्रांत जवळ आली. भिंतींवर अर्धवट पट्टे, हॉलमध्ये परांच्या, जिन्याच्या पायऱ्यांवर चुन्याचे डाग. वत्सलाबाईंनी जेवण कमी केले होते, असे माधवरावांनी मला नंतर सांगितले. त्या रोज सकाळी हॉलच्या दाराशी उभ्या राहत आणि समोरच्या खिडकीचे गज मोजत. मोजून झाले की आकडा कुणाला सांगत नसत.

मुनियप्पा आला तो खांद्यावर गोणपाटाचे पोते घेऊन. रविवार होता, माधवराव घरी होते. त्याने पोते हॉलच्या मध्यभागी टाकले आणि पोत्याचे तोंड सोडले. आत लाल माती होती.

"हे काय?" माधवरावांनी विचारले.

"रंग, सार. चिंतामणीचा. खास तिथून आणला."

चिंतामणी हे कोलारच्या बाजूचे गाव आहे, बेंगळूरहून बसने जातात. मुनियप्पाची सासुरवाडी तिकडचीच. त्याने सासऱ्याला विचारले होते की बाबा, इथला कोणता रंग असा आहे की बेंगळूरच्या लोकांना तोच पाहिजे असतो. सासऱ्याने विचार केला आणि देवळाच्या भिंतींवर चुन्याच्या पट्ट्यांमधून लावतात ती लाल माती काढून दिली. दुसरा रंग त्या गावाचा म्हणता येईल असा त्यांना सुचला नाही.

माधवराव हसायला लागले, मग खुर्चीत बसून हसले. मुनियप्पाला राग आला. "अम्मा स्वतः म्हणाल्या. चिंतामणीचाच म्हणाल्या. दुसरा चालायचा नाही म्हणाल्या. मी काय वेडा आहे इतक्या लांब जायला?"

वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माधवरावांना दुकानातून निळी आणि हिरवी पूड आणायला लावली. मापे त्या सांगत गेल्या, माधवराव मिसळत गेले. हिरवा थोडा वाढला तेव्हा मी बोललो, त्यांनी निळा घालायला सांगितला. शेवटी जो रंग झाला तो माधवरावांनी शालूशी ताडून बघितला आणि म्हणाले, "झाला. हाच."

मुनियप्पाने स्वयंपाकघराच्या दाराच्या एका बाजूला तो पट्टा ओढला. मग, रागातच, दुसऱ्या बाजूला आपल्या लाल मातीचा. दोन्ही वाळू दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, थेंबांच्या आधी, वत्सलाबाई समोरच्या भिंतीपासून निघाल्या. माधवराव डबा घेऊन उभे होते. मी दारात होतो.

अर्ध्या वाटेत त्या थांबल्या.

"अहो, तुम्ही चिंतामणी लावलाच नाहीत का अजून?"



त्या आणखी चार पावले पुढे आल्या. "नुसता गिलावाच आहे की हा. का पुसलात?"

"लावलाय, वत्सला," माधवराव म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. बोटांची मागची बाजू भिंतीला लावायची त्यांची सवय होती. पट्टा त्यांच्या बोटांखाली होता.  मग त्यांनी मान वळवून दाराच्या दुसऱ्या बाजूला बघितले.

"हा दिसतो," त्या म्हणाल्या. "तिथून निघाले तेव्हापासून दिसत होता. मला वाटलं, कुणीतरी उभं आहे."

बसचा हॉर्न वाजला. माधवराव त्या दिवशी कामावर गेले नाहीत.

दुपारी त्यांच्यात बोलणे झाले. मी पेपर वाचून दाखवायला गेलो तेव्हा ते चालू होते, आणि कुणी मला जा म्हटले नाही. माधवरावांना लाल माती पसंत नव्हती. नव्या घरात देवळासारखे पट्टे बघून लोक हसतील. कारखान्यातले लोक येतील.

"घर आहे की गुडी? देऊळ का हे?" ते म्हणाले.

"गुडी तर गुडी," वत्सलाबाई म्हणाल्या. "देवीला कुणी उचलून बेळगावला नेत नाहीत."

माधवरावांनी पुढे वाद घातला नाही.

मुनियप्पाने सरस उकळून मातीत मिसळला, त्या वासाने आठवडाभर गल्लीत कुणाला जेवण गेले नाही. पांढऱ्या भिंती, जमिनीलगत चार बोटे रुंद लाल पट्टा, प्रत्येक दाराभोवती तसाच, ओट्याची कड लाल, मागच्या अंगणात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या धारा लाल. सरस घालूनही रंग कपड्यांना लागे. जो त्या घरी जाऊन भिंतीला टेकला त्याच्या खांद्यावर ते दिसे. माधवरावांना कारखान्यात काही दिवस "काय मुतालिक, होळी लवकर आली?" असे विचारीत. क्रीमने हे साधले नसते, असे मुनियप्पा मात्र आता सगळ्यांना सांगू लागला. बेंगळूरमध्ये असा रंग दुसऱ्या घरात नाही, आणि आणला कुणी, तर मी.

अंबक्का संक्रांतीनंतर आल्या. उंच, ठणठणीत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी घर फिरून बघितले आणि "लाल केलायसा की सगळं" एवढेच म्हणाल्या. पहिले दोन दिवस त्या नुसत्या बसून होत्या. वत्सलाबाई स्वयंपाक करीत, वाढीत, आवरीत. तिसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाई मागे तुळशीला पाणी घालायला गेल्या असताना अंबक्कांनी न्हाणीघरातली तांब्याची घागर उचलली आणि स्वयंपाकघराच्या वाटेत, भिंतीलगत ठेवली. पाण्याने भरलेली होती. मी हॉलमध्ये पेपर उघडून बसलो होतो. अंबक्कांनी माझ्याकडे बघितले. बोलू नका, असा त्याचा अर्थ होता.

वत्सलाबाई पायऱ्या चढून आत आल्या. हातात रिकामा तांब्या. नेहमीच्या चालीने वाटेत शिरल्या आणि घागरीच्या अलीकडे थांबल्या.

"वन्सं, इथं पट्टा तुटलाय. काय ठेवलंय?"

"घागर," अंबक्का म्हणाल्या.

"उचला की. माझ्यानं भरलेली उचलवत नाही."

अंबक्कांनी घागर उचलून जागेवर नेली. निघताना त्या माधवरावांना म्हणाल्या, "यंदा राहू दे, मधू. दर वर्षी येऊन बघीन." वत्सलाबाई नमस्काराला वाकल्या तेव्हा त्यांना वर उठवून अंबक्कांनी त्यांचे तोंड उजेडाकडे वळवले आणि डोळ्यांत बघितले. 

त्यानंतर दर वर्षी संक्रांतीआधी मुनियप्पा येई. दर वर्षी पट्टा रुंद होई. चार बोटांचा वीतभर झाला. पुढच्या खेपेला हातभर. एका वर्षी तो कमरेपर्यंत आला. त्यांना किती दिसते हे त्या कुणाला सांगत नसत, पण गल्लीतल्या कुणालाही ते हॉलच्या भिंतीवरून कळण्यासारखे होते. माधवराव पट्ट्याच्या वरच्या कडेकडे बघणे टाळीत.

अंबक्का यायच्या आधीचे दिवस त्या घरात वाईट जात. वत्सलाबाई सराव करीत. मला हॉलमध्ये बोलावून स्वतः मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहत. "पेपरवाले, काहीतरी हलवा. काय ते सांगू नका." मी स्टूल सरकवी, नाहीतर छत्री आडवी टाकी. त्या आत येत. कधी थांबत. कधी नडगीवर आपटत. आपटल्या की ओरडत नसत, एकदा खोल श्वास घेत आणि म्हणत, "पुन्हा." एकदा मी काहीच हलवले नाही. त्या प्रत्येक पावलाला थबकत सगळी वाट चालत आल्या आणि भिंतीला टेकल्या. पदरावर लाल उमटला. "हे करू नका हो," त्या म्हणाल्या. "काहीतरी ठेवत जा. काही नसलं तर जास्त भीती वाटते."

१९६४ च्या उन्हाळ्यात, थेंब घातल्यावर लगेच दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला निघाल्या असताना, त्या मागच्या पायऱ्यांवरून पडल्या. कपाळाला टाके पडले. पुढच्या संक्रांतीला अंबक्कांनी व्रण बघून विचारले. "कपाटाचं दार लागलं," वत्सलाबाई म्हणाल्या. अंबक्का मागे गेल्या, पायऱ्या बघून आल्या. पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवलेला होता, आदल्या वर्षी तो नव्हता.  त्या खेपेला जाताना "बघीन" म्हणाल्या नाहीत. "आता बघू," म्हणाल्या.

१९६६ च्या डिसेंबरात मुनियप्पा पोते घेऊन आला. त्या वर्षी त्याने स्वतःच सुचवले की आता पट्टा कशाला, अख्ख्या भिंतीच लाल करू, छतापर्यंत. वत्सलाबाई हॉलमध्ये उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "आत्ता लाल कुठंपर्यंत आहे, मुनियप्पा?"

"छातीपर्यंत, अम्मा. तुमच्या समोरच आहे की."

"सरी," त्या म्हणाल्या. "खरवडून काढ सगळा."

मुनियप्पा माधवराव येईपर्यंत पायरीवर बसून राहिला. त्याला वाटले, काहीतरी रागाने म्हणाल्या. माधवराव आल्यावर वत्सलाबाईंनी तेच पुन्हा सांगितले. माधवराव सोफ्यावर बसले. बुटाची नाडी सोडायला वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

"दिवाळीपासून. उजेड कळतो. रंग नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही वन्संना सांगितलं असतंत."

माधवराव बूट काढून बाजूला ठेवत म्हणाले, "मग भिंतींना काय लावायचं?"

"तुम्हाला आवडेल ते. बघत राहणार तुम्ही."

माधवरावांनी आयुष्यात कधी रंग निवडला नव्हता. त्यांच्या सदऱ्याचा रंगही वत्सलाबाई ठरवीत. ते दुकानातून कंपनीचे रंगांचे कार्ड घेऊन आले. संध्याकाळी दिव्याखाली बसून एकेक नाव वाचीत आणि वत्सलाबाई उत्तर देत. "बदामी?" "नको, दिवा लावला की मळका दिसतो." "आकाशी?" "थंडीत अंगावर येईल." "पिस्ता?" "तो पेपरवाल्यांना आवडतो, त्यांना विचारा." माधवरावांनी मला विचारले. समोरच्या बंगल्यातल्या लोकांना विचारले. बसमध्येही विचारले, असे ऐकले. मुनियप्पाने आपले जुने मत पुन्हा मांडले. निर्णय झाला नाही. भिंती खरवडून झाल्या होत्या; लाल गेला होता, चुना गेला होता, खालचा करडा गिलावा उघडा पडला होता.

अंबक्का त्या वर्षी संक्रांतीची वाट न बघता आल्या. बेळगावला त्यांच्या कानावर काही गेले असावे. कुणी सांगितले ते मला कळले नाही. येताना त्यांनी परतीची दोन तिकिटे काढून आणली होती. ती पिशवीतून काढून त्यांनी माधवरावांच्या हातात दिली. एक त्यांचे स्वतःचे होते, दुसरे वत्सलाबाईंचे.

"पट्टे कुठं गेले गं?" त्यांनी हॉलमध्ये उभे राहून विचारले.

"काढले."

"मग?"

"मग काही नाही. हात धुऊन घ्या, पानं घेते."

त्या दिवशी मलाही जेवायला थांबवले. माधवराव, अंबक्का आणि मी स्वयंपाकघरात पाटांवर बसलो. अंबक्कांनी आपला पाट आणि ताट आवाज न करता हातभर मागे ओढले आणि श्वास रोखल्यासारख्या बसल्या. वत्सलाबाई भात घेऊन आल्या. माधवरावांना वाढला, मला वाढला. अंबक्कांच्या समोर येऊन वाकल्या आणि ताट बोटाला लागले नाही तशा थांबल्या.

"वन्सं, पुढं सरका. भिंतीला टेकून जेवताय होय?"

अंबक्का पुढे सरकल्या. मग आमटी आली. माधवरावांची वाटी भरली, माझी भरली. अंबक्कांच्या वाटीत पळी ओतताना धार वाटीच्या काठाबाहेर गेली आणि ताटाखालून फरशीवर पसरू लागली. माधवरावांचा हात भातात थांबला. वत्सलाबाई पुढची पळी भरीत होत्या. अंबक्कांनी पदराचे टोक घेतले आणि आमटी पुसून काढली. आवाज झाला नाही.

"पुरे गं," त्या म्हणाल्या. "वाटी भरली."

सांडल्याचे वत्सलाबाईंना कळले की नाही, ते सांगता येत नाही. त्यांनी पळी भांड्यात परत ठेवली आणि कोशिंबीर आणायला वळल्या.

गाडी संध्याकाळची होती. मी कामावर जायला निघालो तेव्हा टांगा फाटकापाशी उभा होता. माधवरावांनी अंबक्कांची ट्रंक चढवली आणि स्वतः बाजूला बसले. वत्सलाबाई पायरीवर होत्या. अंबक्का टांग्यात बसताना म्हणाल्या, "मागच्या दाराला कडी घाल." वत्सलाबाई "होय" म्हणाल्या आणि आत गेल्या. कडी घातल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

दुसरे तिकीट माधवरावांनी स्टेशनवर परत केले.